इंग्लंडमधलं घर, एक्स्टेन्शन आणि वापरबदल : काउन्सिलच्या परवानगीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ, मिल्टन कीन्स, लेस्टर अशा गावांत घर घेतलेल्या मराठी माणसांना काही वर्षांनी हे प्रश्न पडतातच. इथली माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इथे चालत नाही.

परवानगी देतं कोण? आपल्याकडे महापालिका देते तसंच ना?

देणारी संस्था साधारण तशीच. लंडनमध्ये तुमचा बरो (लंडनच्या एका भागाची काउन्सिल), बाहेर युनिटरी किंवा डिस्ट्रिक्ट काउन्सिल. काउंटी काउन्सिलकडे खाणी आणि कचऱ्याचे प्रकल्प असतात, घरं नाहीत. गावपातळीची पॅरिश काउन्सिल मत देते, निर्णय देत नाही.

निर्णयाची रीत मात्र अगदी वेगळी आहे, आणि आपल्या लोकांची गफलत इथेच होते. महाराष्ट्रात आर्किटेक्ट एफएसआय आणि साइड मार्जिनचं गणित मांडतो. नियमात बसलं की परवानगी मिळणार असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये असं गणित नसतं. काउन्सिलचा लोकल प्लॅन असतो, त्यात धोरणं असतात, आणि अर्ज त्या धोरणांशी ताडून माणसं मत बनवतात. २००४ च्या कायद्यानुसार निर्णय प्लॅनप्रमाणेच द्यायचा, पण प्लॅनिंगच्या दृष्टीने वजनदार असं दुसरं कारण समोर आलं तर प्लॅन सोडूनही देता येतो. त्यामुळे ‘शेजारच्या गल्लीत असंच झालंय’ एवढ्यावर परवानगी मिळत नाही आणि ‘आम्हाला नको आहे’ एवढ्यावर ती नाकारलीही जात नाही. दोन्ही बाजूंना कारण मांडावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीवर उभी आहेत.

जागा माझ्या मालकीची आहे. मग विचारायचं कशाला?

कारण १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने जमिनीची मालकी आणि तिच्यावर काही नवं करण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. १ जुलै १९४८ पासून तो अमलात आहे. आजचा मुख्य कायदा १९९० चा असला तरी पाया तोच. त्यात परवानगी लागते दोन गोष्टींना : बांधकामाला आणि जागेच्या वापरात लक्षणीय बदल करायला. दुसरी गोष्ट लोक विसरतात. एक वीटही न हलवता तुम्ही बेकायदा ठरू शकता.

मागे किचन वाढवायचं आहे आणि वर लॉफ्ट काढायचा आहे. दोन्हीला अर्ज करावा लागेल?

बहुतेक वेळा नाही. घरांसाठी ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ नावाची सरसकट सवलत आहे. एकमजली मागचं एक्स्टेन्शन सेमी (एका बाजूने जोडलेल्या) किंवा टेरेस (रांगेतल्या) घराला मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटर आणि डिटॅच्ड (सुट्या) घराला ४ मीटरपर्यंत चालतं. याहून मोठं, म्हणजे ६ किंवा ८ मीटरपर्यंत हवं असेल, तर काउन्सिलला आधी कळवायचं. ती शेजाऱ्यांना विचारते आणि ४२ दिवसांत उत्तर देते. लॉफ्टसाठी टेरेस घराला ४० घनमीटर, सेमी आणि डिटॅच्डला ५० घनमीटर वाढ चालते. ‘मूळ’ म्हणजे बांधलं तेव्हाचं किंवा १९४८ साली होतं तसं घर. आधीच्या मालकाने केलेली वाढ तुमच्या हिशेबातून वजा होते, हे बिल्डर सांगेलच असं नाही.

तीन ठिकाणी ही सवलत हातातून जाते. फ्लॅटला ती नसतेच. कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जतन करायच्या जुन्या भागात, ती बरीच आक्रसते. आणि नव्या इस्टेटमध्ये मूळ परवानगी देताना काउन्सिलने एका अटीने ती काढून घेतलेली असू शकते. मिल्टन कीन्ससारख्या ठिकाणी नवं घर घेतलेल्यांनी इस्टेटचं मूळ परवानगीपत्र काउन्सिलच्या संकेतस्थळावर शोधून त्यातल्या अटी वाचाव्यात. अर्धा तास लागेल, पण बिल्डरला ॲडव्हान्स देण्याआधीचा अर्धा तास.

सवलतीत बसत असलं तरी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे काम कायदेशीर असल्याचा काउन्सिलचा दाखला, घेऊन ठेवावं. सक्ती नाही, पण घर विकताना समोरचा सॉलिसिटर पहिल्यांदा तेच मागतो.

बागेत एक खोली बांधून ती भाड्याने देऊ का? किंवा आई-बाबा आले की त्यांच्यासाठी?

भाड्याने देऊ नका. बागेतल्या खोलीची सवलत घराला पूरक वापरासाठी आहे : ऑफिस, व्यायाम, सामान, मुलांचा तबला. तिथे कोणी स्वतंत्र राहायला लागलं की ती सवलतीबाहेर जाते. स्लाउमध्ये शेडमध्ये माणसं राहण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं की २०१३ साली काउन्सिलने उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं विमान गावावरून फिरवलं आणि बागांमधल्या हजारो बांधकामांचा नकाशाच केला.

आई-बाबांचं प्रकरण जरा नाजूक आहे. पाहुणे म्हणून अधूनमधून झोपणं आणि सहा-सहा महिने तिथेच चूल मांडणं यात फरक आहे. कायमची सोय करायची असेल तर ‘ॲनेक्स’ म्हणून रीतसर अर्ज करा. जेवणखाण, वीज, दार-वाट मुख्य घराशीच जोडलेली दिसली तर असे अर्ज मंजूर होतात. बहुधा ‘हे वेगळं घर म्हणून वापरायचं नाही’ अशी अट घालून.

वापरबदल कधी धरला जातो?

१९८७ च्या यूज क्लासेस ऑर्डरमध्ये वापरांचे वर्ग आहेत. एकाच वर्गातल्या एका वापरातून दुसऱ्यात जायला परवानगी लागत नाही. १ सप्टेंबर २०२० ला हे वर्ग मोठ्या प्रमाणावर बदलले. दुकान, बँक, कॅफे, रेस्टॉरंट, ऑफिस, दवाखाना, पाळणाघर, जिम हे सगळं आता एकाच ‘क्लास ई’मध्ये आहे. म्हणून साडीच्या दुकानाचा डेंटल क्लिनिक करायला वापराची परवानगी लागत नाही. पाटी आणि दर्शनी भागाची लागू शकते.

काही वापर कुठल्याच वर्गात नाहीत, त्यांना ‘सुई जेनेरिस’ म्हणतात : पब, सिनेमागृह, बेटिंगचं दुकान, गरम खाण्याचा टेकअवे. वडापावची जागा काढताना ही रेघ महत्त्वाची. लोक बसून खातात आणि थोडं पार्सल जातं, तर ते रेस्टॉरंट. मुख्य धंदाच पार्सलचा असेल, तर टेकअवे, आणि त्याला अर्ज लागतो. डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय धोरणानुसार शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवा टेकअवे एरवी नाकारायचाच, गावाच्या ठरलेल्या बाजारभागात असेल तर गोष्ट वेगळी. जागा भाड्याने घेण्याआधी आसपासच्या शाळा मोजा.

मी घरातून डबे देते. त्यालाही परवानगी?

दोन-चार डबे, घरचाच स्वयंपाक, घर घरासारखंच राहिलं, तर वापरबदल होत नाही. काउन्सिल पाहते ते असं : गाड्यांची ये-जा वाढली का, फोडणीचा वास किंवा पंख्याचा आवाज शेजारी पोचतो का, बाहेरची माणसं कामाला येतात का, खोलीचं रूप पूर्ण बदललं का. आकड्याची रेघ नाही. प्रत्यक्षात एका शेजाऱ्याच्या तक्रारीनेच चौकशी सुरू होते. अन्नव्यवसाय म्हणून काउन्सिलकडे नोंदणी मात्र सुरू करण्याच्या २८ दिवस आधी करावीच लागते. ती फुकट आहे, आणि तिचा प्लॅनिंगशी संबंध नाही.

घर खोल्या-खोल्यांनी विद्यार्थ्यांना द्यायचं आहे. एचएमओ म्हणजे काय भानगड आहे?

एचएमओ म्हणजे ‘हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन’, वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं वाटून राहतात ते घर. इथे दोन वेगळे कायदे एकाच नावाने फिरतात, म्हणून नीट पाहा.

प्लॅनिंगच्या बाजूने साधं घर म्हणजे ‘सी-थ्री’. तीन ते सहा, एका कुटुंबातली नसलेली माणसं किचन-बाथरूम वाटून राहिली तर ‘सी-फोर’. सातवं माणूस आलं की एरवी तो सुई जेनेरिस वापर ठरतो आणि अर्ज लागतो. सी-थ्रीतून सी-फोरला जायला देशभर सवलत आहे, पण काउन्सिल ‘आर्टिकल फोर डिरेक्शन’ काढून आपल्या भागापुरती ती बंद करू शकते. मँचेस्टरने २०११ मध्ये, ऑक्सफर्डने २०१२ मध्ये आणि बर्मिंगहॅमने २०२० मध्ये संपूर्ण शहराला ते लावलं. बर्मिंगहॅमचं धोरण तर मोजून सांगतं : १०० मीटरच्या परिघात दहा टक्क्यांहून जास्त घरं एचएमओ होऊ द्यायची नाहीत, आणि एखादं कुटुंबाचं घर दोन एचएमओंच्या मधे सापडू द्यायचं नाही. अशा गावात घर घेण्याआधी नकाशा पाहा, एजंटचं ऐकू नका.

लायसन्स हा वेगळा विषय, २००४ च्या हाउसिंग कायद्याखालचा. दोन किंवा अधिक कुटुंबांतली मिळून पाच किंवा जास्त माणसं असतील तर ते देशभर सक्तीचं आहे. काही काउन्सिलांनी तीन-चार माणसांनाही लावलंय. लायसन्स मिळालं म्हणून प्लॅनिंग मिळालं असं होत नाही, आणि उलटही नाही. एक दिलासा : या कायद्यात काका, मावशी, भाचा, चुलतभाऊ, मावसभाऊ ‘एकाच कुटुंबात’ धरले जातात. आणि मालक स्वतः घरात राहून दोनपर्यंत लॉजर ठेवत असेल तर ते एचएमओ होत नाही.

एअरबीएनबीला देऊ का?

ग्रेटर लंडनमध्ये अख्खं घर एका वर्षात ९० रात्रींपर्यंत, त्यापुढे परवानगी. लंडनबाहेर ठरावीक आकडा नाही, वापर किती बदलला यावर ठरतं. लीजहोल्ड (दीर्घ भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट असेल तर आधी लीज उघडा, बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

रिकामं दुकान किंवा ऑफिस घेऊन त्याचे फ्लॅट करायचे आहेत. ते सोपं झालंय असं ऐकलं.

हो. ऑफिसांसाठी ही वाट २०१३ पासून होती. ऑगस्ट २०२१ पासून ‘क्लास एमए’ आलं आणि क्लास ई मधल्या कुठल्याही जागेचं घर करायला पूर्ण अर्जाऐवजी ‘प्रायर अप्रूव्हल’ (काउन्सिलची मर्यादित आगाऊ मान्यता) पुरू लागलं. सुरुवातीला जागा तीन महिने रिकामी असण्याची आणि जास्तीत जास्त १,५०० चौरस मीटरची अट होती. मार्च २०२४ मध्ये दोन्ही गेल्या. अर्जाआधीची दोन वर्षं जागा त्या प्रकारच्या वापरात असायला हवी. काउन्सिलला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पूर, आवाज, वाहतूक, उजेड अशा मोजक्याच मुद्द्यांवर ती बोलू शकते. इथे घर असावं की दुकान, हा मूळ प्रश्न तिला विचारता येत नाही.

त्याची किंमत काही गावांनी मोजली आहे. एसेक्समधल्या हार्लोचं टर्मिनस हाउस ही बहुमजली ऑफिस इमारत या वाटेने फ्लॅटमध्ये बदलली आणि कोंदट, इवल्या घरांचं उदाहरण म्हणून बदनाम झाली. अशा टीकेनंतर दोन दुरुस्त्या झाल्या : ऑगस्ट २०२० पासून राहत्या खोल्यांना पुरेसा नैसर्गिक उजेड सक्तीचा झाला, आणि एप्रिल २०२१ पासून किमान आकार आला. एका माणसाच्या, शॉवर असलेल्या लहानात लहान फ्लॅटला ३७ चौरस मीटर. माझ्या मते या दोन अटी पहिल्या दिवसापासून हव्या होत्या. जिथे माणसं राहणार त्या जागेला खिडकी हवी, हे ठरवायला सात वर्षं का लागावीत?

मंडळासाठी किंवा मंदिरासाठी जागा घ्यायची आहे.

प्रार्थनास्थळ आणि सार्वजनिक सभागृह ‘एफ-वन’मध्ये येतात. जुनं चर्च घेतलं तर वर्ग तोच, म्हणून वापराची परवानगी लागत नाही. लिस्टेड (वारसा यादीतली) इमारत असेल तर आतल्या बदलांची लागते. गोदाम स्वस्त मिळतं म्हणून लोक तिकडे वळतात, पण गोदामाचं मंदिर हा सरळ वापरबदल आहे. काउन्सिल त्यात नोकऱ्यांची जागा गेली का आणि रविवारी शंभर गाड्या कुठे लागणार हे दोन प्रश्न विचारतेच. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासूनचं आहे, त्याची डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. प्रत्येक गावातल्या नव्या मंडळाला ते जमेलच असं नाही. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवला तर वापरबदलाचा प्रश्न साधारणपणे येत नाही. ढोल-ताशाचा येतो, पण तो आवाजाच्या खात्याकडे.

निर्णयाला किती वेळ आणि फी किती?

साध्या अर्जाला ८ आठवडे, मोठ्या प्रकल्पाला १३, पर्यावरण अहवाल लागणाऱ्याला १६. काउन्सिलचा प्लॅनिंग ऑफिसर मुदत वाढवून मागतो. बहुतेकदा द्यावी, कारण नाही म्हटलं तर हातात थेट नकार येतो. एका घराच्या वाढीची फी एप्रिल २०२५ मध्ये २५८ वरून ५२८ पौंड झाली, आणि आता ती दर एप्रिलला महागाईप्रमाणे बदलते. पूर्वी नकारानंतरचा पहिला अर्ज फुकट असे. ती सोय डिसेंबर २०२३ मध्ये गेली.

ठरवतं कोण, ऑफिसर की निवडून आलेले काउन्सिलर?

बहुतांश अर्जांचा निकाल ऑफिसरच देतात. वॉर्डच्या काउन्सिलरने अर्ज ‘कॉल-इन’ केला (कमिटीपुढे आणायची मागणी केली), हरकती ठरावीक संख्येच्या वर गेल्या किंवा प्रकल्प मोठा असला, तर तो प्लॅनिंग कमिटीपुढे जातो. प्रत्येक काउन्सिलचे याबाबतचे नियम वेगळे. कमिटीपुढे बोलायला बहुधा तीन मिनिटं मिळतात. त्यात घराण्याचा इतिहास सांगू नका. ऑफिसरच्या अहवालातला परिच्छेद क्रमांक घ्या आणि तो का चुकतो ते सांगा.

कमिटीवरच्या काउन्सिलरने आधीच मन बनवलेलं असेल तर निर्णय कोर्टात टिकत नाही. म्हणून तुम्ही भेटायला गेलात आणि तो फक्त ऐकत राहिला, हो-नाही काहीच म्हणाला नाही, तर तो टाळत नाहीये, नियम पाळतोय. दिवाळीचा मिठाईचा डबा त्याच्याकडे नेऊ नका. त्याला तो जाहीर करत बसावा लागेल.

शेजाऱ्याने अर्ज केलाय. हरकत कशी घ्यायची?

साधारण २१ दिवस मिळतात. काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही हे आधी कळलं तर निम्मं काम झालं. घराची किंमत पडेल, समोरचा देखावा जाईल, शेजारी भांडकुदळ आहे, तो भाड्याने देऊन पैसे कमावणार आहे, कुंपणाची हद्द वादात आहे, त्याचं दुकान आलं तर आमचं बसेल : यातलं एकही कारण धरलं जात नाही. धरलं जातं ते असं : खिडकीतला उजेड, बेडरूममध्ये थेट डोकावणारी नवी खिडकी, डोक्यावर आल्यासारखी भिंत, गाड्या, आवाज, वास, रस्त्याच्या रूपाशी विसंगती. अनेक काउन्सिल ४५ अंशांचा नियम वापरतात : तुमच्या जवळच्या खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशांत रेघ ओढायची आणि नवं बांधकाम ती कापतं का ते पाहायचं. हरकतीला हाताने काढलेली अशी आकृती जोडलीत तर ती दहा संतापलेल्या परिच्छेदांपेक्षा जड पडते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर फिरवून ऐंशी जणांनी पाठवला, तर ऑफिसरच्या अहवालात ते ‘एकच मुद्दा, ऐंशी वेळा’ असं येतं. कॉल-इनच्या संख्येसाठी उपयोग होईल, गुणवत्तेसाठी नाही. आणि तुमची हरकत बहुतेक ठिकाणी नावासकट संकेतस्थळावर दिसते. शेजारी ती वाचतोच.

तीनशे लोकांनी विरोध केला, तरी गावाबाहेर बिल्डरला घरं मंजूर झाली. असं कसं?

इथे घरांची टंचाई आहे, आणि सरकारचं लक्ष्य या संसदेच्या काळात १५ लाख घरांचं आहे. प्रत्येक काउन्सिलला पुढच्या पाच वर्षांची घरांसाठीची जमीन दाखवावी लागते; डिसेंबर २०२४ पासून किती घरं हवीत हा आकडा ठरवायची पद्धत पुन्हा सक्तीची झाली. जमीन कमी पडली की पारडं बिल्डरकडे झुकतं : तोटे फायद्यांपेक्षा ठळकपणे आणि दाखवता येतील इतके जास्त असतील तरच नकार. कमिटीने ऑफिसरचा सल्ला डावलून पोकळ कारणावर नाही म्हटलं, तर बिल्डर अपिलात जिंकतो आणि खर्चही काउन्सिलवर, म्हणजे तुमच्या काउन्सिल टॅक्सवर बसू शकतो. हे ऐकायला कडू आहे. म्हणूनच खरा विरोध अर्जाच्या वेळी नाही, लोकल प्लॅन बनत असताना करायचा असतो. त्या सभांना कोणी फिरकत नाही.

अर्ज नाकारला. आता?

आधी ऑफिसरचा अहवाल वाचा. कारण दुरुस्त करता येण्यासारखं असेल तर नकाशा बदलून नवा अर्ज स्वस्त पडतो. नाहीतर प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे अपील : घराच्या कामाला १२ आठवड्यांत, इतर बहुतेकांना ६ महिन्यांत. अपिलाला फी नाही. मुदतीत निकालच दिला नाही, तरी अपील करता येतं. हा हक्क फक्त अर्जदाराला आहे. शेजाऱ्याच्या घराला परवानगी मिळाली तर तुम्हाला अपील नाही. सहा आठवड्यांच्या आत हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू एवढंच उरतं. तिथेही निर्णय चांगला की वाईट हे पाहत नाहीत, तो कायदेशीर रीतीने झाला का एवढंच पाहतात.

परवानगीशिवाय बांधून झालंय. नंतर नियमित होतं ना, आपल्याकडे होतं तसं?

केल्यानंतरही अर्ज करता येतो, पण दंड भरून नियमित करण्याची योजना इथे नाही. अर्ज नेहमीसारखाच तपासला जातो. नाकारला तर पाडायची नोटीस. पूर्वी बांधकामाला चार वर्षं झाली की काउन्सिलचे हात बांधले जात. २५ एप्रिल २०२४ पासून ती मुदत दहा वर्षांची झाली. त्याआधी पुरी झालेल्या बांधकामांना जुनीच चार वर्षं लागू आहेत.

लपवून वर्षं काढायची युक्तीही चालत नाही. सरेमधल्या एका शेतकऱ्याने बुरुजांचं किल्ल्यासारखं घर गवताच्या गंजींआड बांधलं, कुटुंबासह चार वर्षं त्यात राहिला आणि २००६ मध्ये गंजी काढल्या. कोर्टांनी ती लपवलेली वर्षं मुदतीत धरू दिली नाहीत. २०१६ मध्ये घर पाडावं लागलं.

परवानगी हातात आली. सोमवारी काम सुरू करू?

पत्राच्या शेवटच्या पानावरच्या अटी वाचा. ‘काम सुरू करण्याआधी’ अशी सुरुवात असलेली अट, उदाहरणार्थ विटांचा नमुना मंजूर करून घेणं, पुरी न करता खोदलंत तर परवानगीच धोक्यात येते. बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी वेगळी. सामाईक भिंतीला हात लागणार असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस. फ्लॅट असेल तर फ्रीहोल्डरची (जमीन-इमारतीच्या मूळ मालकाची) संमती. गाडीसाठी फुटपाथ उतरवायचा असेल तर रस्ते खातं. परवानगी सहसा तीन वर्षं चालते, आणि ती जागेबरोबर जाते. घर विकलंत तर नवा मालक तिच्यावरच बांधू शकतो.